तहान भागली, पुरावा जोडावा

पूर्वी दान केलं की पावती मिळायची आणि विषय संपायचा. पैसे पेटीत जायचे, पावती पाकिटात जायची आणि पुढचा सगळा हिशेब चित्रगुप्ताकडे असायचा. आता पावतीवर ८०जीचा क्रमांक असतो आणि पावतीच्या पाठोपाठ प्रश्न येतो, "ते ठीक आहे, पण उपयोग काय झाला?" चित्रगुप्ताचं हे टेबल हल्ली ज्यांच्याकडे वर्ग झालंय, त्यांच्यापैकी मी एक. पुण्यात आमचं एक सामुदायिक प्रतिष्ठान आहे. लहानमोठ्या दात्यांचे पैसे एके ठिकाणी गोळा करायचे आणि आसपासच्या जिल्ह्यांत काम करणाऱ्या संस्थांना वाटायचे, हा त्याचा उद्योग. मी तिथल्या मूल्यमापन विभागाची प्रमुख. विभागात माझ्याखेरीज दोन तरुण मुलं आहेत, एक प्रिंटर आहे आणि गेल्या काही वर्षांचे अहवाल आहेत. प्रिंटर त्यांच्यावर ठेवलाय, त्यामुळे ते अगदीच वाया गेले असं म्हणता येणार नाही.

सामुदायिक प्रतिष्ठान ही कल्पना मूळची एका बँकवाल्याची. अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात फ्रेडरिक गॉफ या गृहस्थांनी १९१४ मध्ये असं पहिलं प्रतिष्ठान काढलं. त्यांचं दुखणं असं होतं की, माणसं मृत्युपत्रात दानाला फार बारीक अटी घालून जातात. पुढं काळ बदलतो, ती गरजच उरत नाही, पण अट जागेवर असते आणि पैसा कुलपात. तेव्हा सगळ्यांनी पैसे एकत्र ठेवावेत आणि ते कशावर खर्चायचे हे त्या त्या वेळच्या शहाण्या मंडळींनी ठरवावं, असा गॉफसाहेबांचा तोडगा. साहेबांना आपल्याकडचा दाता भेटलेला नव्हता. आपल्याकडे अटी घालण्यासाठी मरावं लागत नाही.

असेच एक दाते आमच्याकडे आले. वडिलांच्या स्मरणार्थ पाणपोई घालायची होती. चौक त्यांनीच निवडला होता, संगमरवरी पाटीचा मजकूर टाइप करून आणला होता आणि वर्षअखेरीस 'इम्पॅक्ट रिपोर्ट' हवा होता. यात त्यांचाही दोष नाही. ते मोठ्या कंपनीत होते आणि कंपन्यांना आता ही सवयच लागली आहे. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं की, ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी. २०२१च्या जानेवारीत त्याला शेपूट जोडलं गेलं. ज्यांची ही रक्कम दहा कोटी किंवा त्याहून जास्त आहे, त्यांनी एक कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचा परिणाम बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून तपासून घ्यायचा. पाणपोईचा खर्च कोटीच्या आसपासही नव्हता. पण एकदा अहवालाची चटक लागली की माणूस घरच्या सत्यनारायणाचाही परिणाम विचारतो.

आमच्या धंद्यात लॉगफ्रेम नावाचा एक तक्ता असतो. तो १९६९ मध्ये अमेरिकेच्या परदेशी मदत खात्यासाठी तयार झाला आणि तेव्हापासून जगातल्या गरिबांच्या पाठीमागे हात धुऊन लागला आहे. चार रकाने उभे, चार आडवे; सोळा चौकोनांत माणसाचं भलं बसवायचं. पाणपोई त्यात बसवायला आम्ही तिघं बसलो. साधनं सोपी होती: रांजण, गाळणं, साखळीला बांधलेले पेले. फलित म्हणजे रोज किती लिटर पाणी गेलं. हेतू: वाटसरूंची तहान भागणे. सगळ्यात वरचं उद्दिष्ट दात्यांनी स्वतः सांगितलं, 'समाजात सेवाभाव वाढीस लागणे'. मग पडताळणीचं साधन काय? तहान भागली हे कागदावर कसं दिसणार? विभागातल्या एका हुशार मुलानं रजिस्टर ठेवायची कल्पना काढली. नाव, वय, मोबाईल क्रमांक, पाणी पिण्यापूर्वीची तहान, प्यायल्यानंतरची तहान. रजिस्टर ठेवल्यावर लोक पलीकडच्या टपरीवर बाटली विकत घ्यायला लागले. काहींना ही सरकारी योजना वाटली आणि ते आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन आले. शेवटच्या रकान्यात गृहीतकं लिहायची असतात, म्हणजे आपलं सगळं यश ज्यावर उभं आहे त्या बाहेरच्या गोष्टी. तिथं आम्ही लिहिलं, 'लोकांना तहान लागेल.' कार्यकारी संचालकांनी त्यावर शेरा मारला, 'पावसाळ्यात हे गृहीतक धोक्यात येते. जोखीम म्हणून दाखवावे.'

या विषयात आपण नवशिके आहोत असं मात्र कुणी समजू नये. देशातली सामूहिक विकास योजना २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ प्रकल्पांनी सुरू झाली आणि तिचं काम तटस्थपणे तपासायला नियोजन मंडळानं त्याच महिन्यात कार्यक्रम मूल्यमापन संघटना उभी केली. तिचे पहिले संचालक होते पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे. म्हणजे योजनेचा नारळ फुटत होता तेव्हा मोजणारा माणूस वही घेऊन शेजारी उभा होता. आज आम्हाला बोलावणं येतं ते मांडववाले बांबू ट्रकमध्ये भरत असतात तेव्हा. "तीन वर्षं प्रकल्प चालला, पुढच्या शुक्रवारी कंपनीचे साहेब येतायत, परिणाम काढून ठेवा." सुरुवातीची स्थिती कुणी नोंदवली होती का, असं विचारलं की संस्थेचे सचिव दुखावतात. "मॅडम, परिस्थिती फारच वाईट होती," ते म्हणतात, आणि तेवढ्यावर आम्ही टक्केवारी काढायची.

मग गावात जाऊन विचारायचं, तीन वर्षांपूर्वी तुमचं उत्पन्न किती होतं? मराठी माणूस स्वतःचं उत्पन्न बायकोला सांगत नाही, तो टॅबलेट घेऊन आलेल्या पोराला सांगेल? त्यातून शिधापत्रिकेचा घोळ. पिवळ्या कार्डाला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५,००० रुपये, केशरीला एक लाख. एकदा आमचा मुलगा सर्वेक्षणाहून धावत आला. म्हणाला, "मॅडम, अख्ख्या वस्तीत कुणाचंच उत्पन्न पंधरा हजारांच्या वर नाही! आणि कुणाचं चौदाच्या खालीही नाही!" आर्थिक विषमता समूळ नाहीशी झाल्याचा इतका स्वच्छ पुरावा जगात दुसरीकडे मिळायचा नाही. पत्र्याच्या शेडखाली दोन बुलेट उभ्या होत्या, त्या पाहुण्यांच्या निघाल्या.

उत्पन्न सांगत नाहीत तर निदान आत्मविश्वास विचारावा म्हणून आम्ही चेहऱ्यांची कार्डं छापली. रडका, उदास, मख्ख, हसरा, खूप हसरा. प्रशिक्षणानंतर तुम्हाला कसं वाटतं, बोट ठेवा. पहिल्याच आजींनी पाचही कार्डं उन्हात धरून पाहिली. रडक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो आमच्या धाकल्या दिरावानी दिसतुय." मग माझ्याकडे बघून, "तुमास्नी कुठला पायजे? त्यो सांगा, पोरीचं जेवान ऱ्हायलंय." पोर म्हणजे आमची सर्वेक्षक. तिचं जेवण लांबलंय ही आजींची खरी काळजी होती, आणि त्या खूप हसऱ्यावर बोट ठेवून मोकळ्या झाल्या. पंगतीत फिरून 'जेवण कसं झालंय' विचारणाऱ्या यजमानाला जे उत्तर मिळतं, तेच आम्ही गेली कित्येक वर्षं दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत छापत आलो आहोत.

आकड्यांनी पोट भरत नाही तेव्हा यशोगाथा मागवतात. माण तालुक्यातल्या एका वाडीत आम्ही अशी यशोगाथा घ्यायला गेलो. संस्थेनं शेळीपालनाचं प्रशिक्षण दिलं, दोन शेळ्या दिल्या आणि मावशींचं उत्पन्न दुप्पट झालं, असं कागदावर होतं. मावशी अंगण शिंपून तयार होत्या. नवी साडी, आणि हातात लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं, एकाखाली एक नीट लावलेली. मी नमस्कार करते तोवर त्यांनीच विचारलं, "पदर डोक्यावर घिऊ का खांद्यावर? मागच्या येळंला मुंबईच्या बाई आलत्या त्या म्हनल्या डोक्यावर घ्या. त्याच्या आदीच्या म्हनल्या खांद्यावर. त्यास्नी सक्षम झालेली पायजे हुती."

मी म्हटलं, मावशी, तुम्हाला सोयीचं असेल तसं.

"आन शेळी? तुमची कंची, काळी का बांडी?"

मी सचिवांकडे बघितलं, सचिवांनी आभाळाकडे. मग मावशींनी गोष्ट सांगितली. मालक वारले, सावकार, मग गट, मग प्रशिक्षण. कुठंही अडखळणं नाही. मुलीच्या शाळेपाशी आल्यावर आवाज किंचित खाली आला आणि त्या थांबल्या. फोटोग्राफर तसाच उभा होता. त्याला त्यांनी हळूच सांगितलं, "काडायचा तर हितं काडा. सगळी हितंच काडत्यात."

कॅमेरा बॅगेत गेला, चहा आला आणि मावशी खऱ्या बोलायला लागल्या. शेळ्या तर त्यांच्या सासूच्याही होत्या. पैसा मिळायला लागला तो वाडीपर्यंत एसटी यायला लागल्यावर. आधी व्यापारी दारात यायचा आणि म्हणेल तो भाव. आता मावशी अधूनमधून नुसत्याच म्हसवडच्या बाजाराला जाऊन येतात, भाव ऐकून येतात. "आता त्यो दारात आला तरी त्येला मीच आकडा सांगती." आमच्या शास्त्रात याला श्रेयनिश्चिती म्हणतात आणि त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत. मावशींची कथा चार संस्थांच्या वार्षिक अहवालांत आहे आणि चौघींनीही वाढ पूर्णपणे आपल्यामुळे झाली असं धरलंय. म्हणजे श्रेय चारशे टक्के झालं, शेळ्या मात्र तेवढ्याच. एसटीच्या अहवालात मावशींचा उल्लेख नाही.

हा घोळ सोडवायचा रस्ता आहे, नाही असं नाही. जिथं आपण काहीच केलं नाही अशी गावंही मोजायची आणि तुलना करायची. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं हेच केलं. ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी बायांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, शेजारच्या ४७ गावांत नेहमीचंच सगळं चालू राहिलं, पण जन्ममृत्यूची मोजणी दोन्हीकडे सारख्याच कसोशीनं झाली. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आले होते. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि पुढं देशाच्या धोरणात गेलं. इथं विनोद करायला जागा नाही. माझ्या टेबलाच्या काचेखाली हे आकडे आहेत, आणि नोकरी सोडावीशी वाटते तेव्हा मी ते वाचते.

आमची धाव अर्थातच तुलनेच्या गावच्या सरपंचांपर्यंत. पहिल्या वर्षी त्यांनी चहा दिला. दुसऱ्या वर्षी पाणी दिलं. तिसऱ्या वर्षी चावडीत सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, शेजारच्या गावाला टाकी दिली, त्यांना विचारता ते समजलं. आम्हाला काय बी द्यायचं न्हाई ह्ये पक्कं ठरवून तुम्ही दर साली विचाराया येता, ह्ये काय लफडं हाय?" मी समजावलं की, तुमच्यामुळे आम्हाला खरं काय ते कळतं. सरपंच म्हणाले, "मंजे आमी तहानलेलं ऱ्हायलं की तुमचं गणित बराबर येतंय." याला उत्तर असतं, पण ते चावडीत देता येत नाही. पुढच्या खेपेला त्यांनी आमदार निधीतून टाकी बांधून घेतली होती, आमच्या गावातल्यापेक्षा मोठी. अभ्यास बाराच्या भावात गेला. मला मनातून बरं वाटलं. अहवालात 'तुलना गट दूषित झाला' असं लिहिलं.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर सगळ्यात चांगली मोजपट्टी ही एका कागदाची असते. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'प्रथम'नं २००५ पासून 'असर' ही पाहणी चालवली. घरी जायचं, मुलाच्या हातात कागद द्यायचा. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. वाच म्हणायचं. बस. या कागदानं देशाला सांगितलं की, खेड्यातल्या पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही. आमच्याकडे एका दात्याच्या पैशांतून शाळाशाळांत डिजिटल वर्ग झाले होते आणि निर्देशांक होता 'बसवलेल्या फळ्यांची संख्या'. तो शंभर टक्के साध्य झाला होता, कारण फळे मोजायला सोपे असतात, ते जागचे हलत नाहीत. मी तसा एक कागद घेऊन गेले. मुख्याध्यापकांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, आमची मुलं डिजिटल आहेत. कागदावर कशाला वाचतील?" फळ्यावर तरी वाचतील का, म्हटलं. तर वीज नव्हती.

हे सगळं शेवटी विश्वस्तांच्या बैठकीत मांडायचं. विश्वस्तांत तीन पंथ आहेत: आकडेवाले, गोष्टवाले आणि फोटोवाले. चौथे झोपतात, पण मतदान बरोबर करतात. मध्यंतरी मुंबईहून एका सल्लागार कंपनीची माणसं आली आणि सादरीकरणात सांगून गेली की, आमच्या एका प्रकल्पात गुंतवलेल्या प्रत्येक रुपयामागे समाजाला ४ रुपये ३७ पैसे परत मिळाले. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक विश्वस्त ताठ बसले. "एवढा परतावा? मग आपला राखीव निधी मुदत ठेवीत काय करतोय?" त्यांना ४ रुपये कबूल होते, ३७ पैसे कुठल्या खात्यात जमा झाले एवढंच दाखवा म्हणत होते.

त्याच बैठकीत मी संगणक प्रशिक्षणाचा निष्कर्ष मांडला. प्रशिक्षण घेतलेली आणि न घेतलेली मुलं यांना नोकऱ्या लागण्याचं प्रमाण सारखंच निघालं. परिणाम शून्य. क्षणभर शांतता झाली. मग अध्यक्षांनी विचारलं, "घट तर नाही ना झाली?"

"नाही, सर."

"मग 'रोजगाराचे प्रमाण टिकवून ठेवण्यात यश' असं लिहा ना."

दुसऱ्या विश्वस्तांचं म्हणणं पडलं की, परिणाम दिसत नाही याचा अर्थ निधी कमी पडतोय, तेव्हा वाढवावा. पुढचा विषय एका पोषण कार्यक्रमाचा होता. त्याचा परिणाम उत्तम होता, म्हणून त्याचाही निधी वाढवावा असं ठरलं. माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत निष्कर्षामुळे निधी कमी झाल्याचा प्रसंग एकदाच आला, आणि तिथं अहवालाच्या मुखपृष्ठावर दात्यांचं आडनाव ऱ्हस्व छापलं गेलं होतं.

तरीही मी एक गोष्ट हट्टानं मंजूर करून घेतली: जवळच्या नजरेचे चष्मे. आसामातल्या चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांवर एक चाचणी झाली होती, २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना जवळचं पाहण्याचे साधे चष्मे लगेच दिले, निम्म्यांना नंतर. चष्मेवाल्यांची खुडणी बाकीच्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. ना शिबिर, ना सक्षमीकरण, ना ॲप. समोरचं पान दिसायला लागलं एवढंच. आमच्या भागात गोधड्या शिवणाऱ्या, धान्य निवडणाऱ्या, मिरच्यांची देठं काढणाऱ्या बाया आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणी सुई नातवाकडून ओवून घेतात आणि नातू शाळेत गेला की काम थांबतं.

बैठकीत पहिला प्रश्न आला, "यात उद्घाटन कशाचं करायचं?" दुसरा प्रश्न आमच्या पाणपोईवाल्या दात्यांचा होता. "पाटी कुठं लावणार?" चष्म्याच्या काडीवर नाव मावेना. 'कै.' आणि 'यांच्या स्मरणार्थ' यांच्यामध्ये वडिलांना जागाच उरत नव्हती. प्रकल्प बारगळणार असं दिसताच आमच्या हिशेबनिसांनी तोंड उघडलं. "चष्म्याच्या घरावर छापा की." दाते खूष झाले. लाल रेक्झीन, सोनेरी अक्षरं, शिवाय आत पांढरं फडकं. चष्म्यापेक्षा चष्म्याचं घर महाग पडलं, पण मी गप्प बसले.

सहा महिन्यांनी गेले तेव्हा ओसरीवर बाया गोधडी घालून बसल्या होत्या आणि चष्मे नाकावर होते. काहींच्या काड्यांना दोरा बांधलेला होता, म्हणजे चष्मा खरोखर वापरात होता. चेहऱ्यांची कार्डं काढायची गरज पडली नाही. एकीनं मला सुई ओवून दाखवली, मग दोरा काढून पुन्हा ओवली. चष्म्याची घरंही वापरात होती. ती घट्ट मिटतात, आत दमट होत नाही आणि कनवटीला बरोबर बसतात, म्हणून त्यांत तंबाखू आणि मिश्री ठेवली जाते. त्याच गावात आमचाच व्यसनमुक्तीचा कार्यक्रम चालू आहे, दुसऱ्या दात्यांच्या पैशांतून. त्याच्या सर्वेक्षणात 'घरात तंबाखूची डबी आढळली का' असा एक निर्देशांक आहे आणि तिथल्या कार्यकर्त्यानं बऱ्याच घरांपुढे 'नाही, फक्त चष्म्याचे घर' असं लिहिलंय. त्यामुळे व्यसनमुक्तीत लक्षणीय प्रगती दिसते आहे. ही सोनेरी अक्षरांची घरं नेमकी कोणत्या कार्यक्रमाच्या खात्यात धरायची, हा विषय पुढच्या बैठकीच्या कार्यपत्रिकेवर सातव्या क्रमांकावर आहे. दोन्ही दात्यांना निमंत्रणं गेली आहेत.